हापूसच्या जाहिरातीत तर्कदोष किती आणि अलंकार किती?

पाणंद (प्रश्न)
नववीच्या मुलांना मजकूर पारखायला शिकवायचं आहे. अलंकार त्यांना पाठ आहेत. तर्कदोषांची यादी दिल्यापासून मात्र जिथे तिथे दोषच दिसायला लागलेत. रूपक आलं की दोष, भावनेचं वाक्य आलं की दोष. सरावासाठी हा नमुना रचलाय:

«देवगड हापूस म्हणजे कोकणचं सोनं! एकदा चाखलात की बाकीचा आंबा गवतासारखा लागेल. आमच्या आंब्याला जीआय मानांकन आहे, म्हणजे रसायनाचा प्रश्नच नाही. गेल्या हंगामात एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही. खरा कोकणी माणूस परराज्यातला आंबा घरात आणत नाही. पेटी उघडून वरचा थर बघा, खात्री पटेल. शेवटच्या २० पेट्या, आजच फोन करा.»

यात काय कुठे बसतं? आणि मुलांना एकच कसोटी द्यायची तर कोणती द्यावी?

कातळसडा
एकच हवी तर ही: अलंकार पुसा आणि त्याच अर्थाचं साधं वाक्य लिहा. मुद्दा जागेवर राहिला तर तो नुसता अलंकार होता. मुद्दाच कोसळला तर अलंकाराच्या आड दोष दडलेला होता.

'कोकणचं सोनं' हे रूपक. साधं वाक्य: हा आंबा फार मोलाचा आहे. विकणाऱ्याचं मत आहे, त्याच्या जोरावर पुढे काही सिद्ध केलेलं नाही, सोडून द्या. पण पुढे 'सोनं कधी वाया जात नाही, तेव्हा चार पेट्या जास्तच भरून ठेवा' असं आलं असतं तर? आंबा आणि सोनं यांचं साम्य मोलापुरतं, टिकण्यापुरतं नाही. साम्य जिथे संपतं तिथूनच निष्कर्ष काढला की ते सदोष साम्य. रूपक तेच, फक्त त्याला पुराव्याच्या खुर्चीत बसवलं.

'गवतासारखा' ही उपमा, तीही अतिशयोक्तीची. याने कोणी फसत नाही, वेळ घालवू नका.

खरी गोम जीआयच्या, म्हणजे भौगोलिक मानांकनाच्या वाक्यात आहे. हापूसला हे मानांकन २०१८ मध्ये मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. ते आंबा कुठला आणि त्या मातीमुळे त्याचं वैशिष्ट्य काय, एवढंच सांगतं. कलमाला मोहोर यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोल हे रसायन घातलं का, फवारण्या किती झाल्या, आंबा पेंढ्याच्या अढीत पिकला की बंदी असलेल्या कार्बाइडने, याच्याशी त्याचा संबंध नाही. 'मानांकन आहे' खरं असेल, 'रसायन नाही' हेही एखाद्या बागेपुरतं खरं असेल. मधला 'म्हणजे' खोटा आहे. मुलांना सांगा, 'म्हणजे', 'म्हणून', 'कारण', 'त्यामुळे' या शब्दांखाली आधी रेघ मारा. दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

'एकही तक्रार नाही': पेट्या किती विकल्या? तक्रार करायची कुठे, याची सोय होती का? गप्प बसलेलं गिऱ्हाईक म्हणजे समाधानी गिऱ्हाईक नव्हे, ते पुढच्या वर्षी दुसरीकडे जातं.

'खरा कोकणी' इथे दोन गोष्टी एकत्र आहेत. अस्मितेला हात घालणं हे तंत्र. पण कोणी 'आमचे काका राजापूरचे, ते कर्नाटकचा आंबा आणतात' म्हटलं आणि उत्तर आलं 'मग ते खरे कोकणी नव्हेत', तर तो दोष. विधान खोटं ठरायची वाटच बंद केली.

'शेवटच्या २० पेट्या' हा तर्कदोष नव्हेच. खरं असेल तर माहिती, खोटं असेल तर थाप. दोन्ही वेळा घाई लावायचं तंत्र.

सडेतोड
वरच्या कसोटीला एक पुरवणी. उलटी चूकही शिकवा, म्हणजे अलंकाराचा शब्दशः अर्थ धरून समोरच्याला खोडून काढणं. न्यायदर्शनात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, याला उपचारछल म्हणतात. जुनं उदाहरण 'मंचाः क्रोशन्ति', मचाण ओरडतायत. यावर 'मचाण कशी ओरडतील, ओरडतात ती त्यावरची माणसं' असा आक्षेप घेणं हा छल. आपल्याकडचा नमुना: पर्ससीन म्हणजे माशांचा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याची मासेमारी. तिच्याबद्दल एकाने लिहिलं, 'पर्ससीनमुळे सगळा कोळीवाडा रडतोय.' दुसरा उत्तर देतो, 'सगळा? आमच्या आळीत तर कोणी रडताना दिसलं नाही.' पहिल्याने लक्षणा वापरली, म्हणजे शब्दशः नसलेला अर्थ योजला; दोष दुसऱ्याचा. नववीतल्या मुलांचा वाद बहुतेक याच खडकावर फुटतो.

आणि 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला', म्हणजे काकतालीय न्याय, हा किनाऱ्यावर हटकून घ्यावा. नारळी पौर्णिमेला नारळ वाहतात, त्यानंतर दर्या निवळतो. पण निवळतो तो नैर्ऋत्येचा वारा मंदावतो म्हणून, आणि सण नेमका त्याच सुमाराला येतो. सणात काही खोट नाही, खोट आहे ती 'वाहिला म्हणून निवळला' यातल्या 'म्हणून'मध्ये. घरी कोणी रागावणार असेल तर हे उदाहरण जपून वापरा.

बांगडो
माका एक शंका आसा. 'वरचा थर बघा'बद्दल कोणीच बोललं नाही. 'शितावरून भाताची परीक्षा' आपण रोज करतो, मग इथे काय बिघडलं?

कातळसडा
राहूनच गेलं ते. शितावरून परीक्षा चालते, कारण एका टोपातला भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो आणि शीत आपण कुठूनही उचलतो. पेटीत यातलं काहीच नाही. वरचा थर लावणाऱ्यानेच निवडलेला असतो, नमुना आपण उचललेला नाही. शिवाय हापूसमधला साका बाहेरून दिसतच नाही, फळ कापल्यावर गर पांढुरका आणि स्पंजासारखा निघतो तेव्हाच कळतं. म्हणजे नमुना चुकीचा आणि तपासणीही चुकीची. तळातली दोन-तीन फळं काढून कापली तर त्या परीक्षेला थोडा अर्थ येईल.

म्हणींबद्दल एकूणच सावध राहा. म्हण हा पुरावा नव्हे. 'शुभस्य शीघ्रम्' म्हणणाऱ्याला 'अति घाई संकटात नेई' तयारच असतं. विशेष गोष्टीला सामान्य वचनाचा टेकू देणं हा अर्थांतरन्यास, अलंकार म्हणून झकास. मात्र टेकू काढल्यावर खाली भिंत आहे का ते बघायचं.

तिठा
वर्गात कसं घ्यायचं ते सांगतो. मजकूर १००-१५० शब्दांचा, त्याहून मोठा नको. तीन रंग: निष्कर्षाला लाल, कारणाला निळा, बाकी सगळ्याला पिवळा. आधी एका ओळीत लिहायचं, 'लेखकाला मी काय करायला किंवा मानायला हवंय?' हे न लिहिता दोष शोधायला बसलं की मुलं शब्दांची शिकार करत सुटतात. पहिल्या महिन्यात दोष पाचच: घाईचा निष्कर्ष, काकतालीय, 'हे नाहीतर ते' असे दोनच पर्याय, व्यक्तीवर हल्ला आणि बुजगावणं. बुजगावणं म्हणजे समोरच्याचं म्हणणं मोडायला सोपं करून घेणं. 'मासेमारीबंदी नीट पाळा' म्हणणाऱ्याला 'म्हणजे मच्छीमारांनी उपाशी मरायचं?' असं विचारलं की झालं उभं बुजगावणं.

व्यक्तीवर हल्ल्यात एक बारकावा आहे. 'हा स्वतः पर्ससीनवाला, याचे आकडे खोटेच' हा दोष. 'हा पर्ससीनवाला, आकडे दुसरीकडून पडताळून घेऊ' हा शहाणपणा. हितसंबंध दिसले की तपासायचं, फेकून द्यायचं नाही.

प्रश्न विधानात बदलून घ्या. १८९७ मध्ये केसरीने विचारलं, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हे विधानच आहे, फक्त उत्तर वाचकाच्या तोंडून वदवलंय. असा प्रश्न दोष नव्हे. पुढे पुरावा येतो की लेखक तेवढ्यावरच थांबतो, ते पाहायचं.

आकड्याला 'कशापासून' विचारा. 'हापूसचा भाव निम्म्यावर, बागायतदार बुडाला' या मथळ्यातली तुलना मार्चची मेशी आहे का? आवक वाढली की भाव दर वर्षीच उतरतो. मागच्या मेशी ताडलं तर बोलता येईल.

पाणंद
सगळ्यांचे आभार. शेवटचं एक, गुण कसे द्यायचे? दोषाचं नाव चुकतं, पण मुद्दा बरोबर पकडलेला असतो, असं बरंच होतं.

तिठा
एका दोषाला ४ गुण धरा. नेमकं वाक्य उचललं, १. निष्कर्ष त्यातून का निघत नाही ते स्वतःच्या शब्दांत सांगितलं, २. काय माहिती मिळाली तर मुद्दा टिकेल ते लिहिलं, १. नावाला गुणच ठेवू नका. आणि तुमच्या नमुन्यात एक बिनचूक, पुराव्यासकट वाक्यही घाला. 'अमुक तारखेला झाडावरून उतरवला, पावती सोबत आहे' असं काहीतरी. त्यालाही दोष लावणाऱ्याचा १ गुण कापा.