नेव्हीचे कमांडो जंगलात काय करत होते? (व्हिएतनाम आणि सील्स)

मंग्या_ठाणे
लोकहो, ऑफिसमधे डबा खाताना वाद झाला तो काही मिटेना म्हणून इथे टाकतोय. मी म्हणालो की अमेरिकेच्या नेव्ही सील्सनी पहिलं नाव कमावलं ते व्हिएतनामच्या जंगलात, तर आमच्यातला एक जण म्हणे काहीतरी फेकू नकोस, नेव्हीवाले जंगलात कशाला तडफडायला जातील, जंगलात आर्मी लढते. मला छातीठोक उत्तर देता आलं नाही. तर जाणकारांनी जरा सांगा, नक्की कुठे होते हे लोक, काय करायचे, रोजचं जगणं कसं होतं, का सिनेमात दाखवतात तसं रात्रंदिवस धडाधड गोळीबार? आणि आपल्या मार्कोसनी (आपल्या नेव्हीचे कमांडो) असं काही केलंय का कधी? विकी वाच सांगू नका, वाचलंय, डोक्यात काही शिरलं नाही.

तोफखाना
तुमचा मित्र अर्धा बरोबर आहे. व्हिएतनाम म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर डोंगर आणि दाट झाडी येते, तिकडे खरंच आर्मी आणि मरीन होते. पण नकाशात सायगॉनच्या (आताचं हो ची मिन्ह सिटी) खालचा भाग बघा. मेकाँग नदी समुद्राला मिळते तिथे नद्या, कालवे, ओढे यांचं नुसतं जाळं आहे, रस्ते जवळपास नाहीतच, सगळी ये-जा होडीने. भात, बंदुका, माणसं सगळं पाण्यावरून. आता तिथे रणगाडा नेऊन काय करणार? म्हणून नेव्ही.

सील टीम वन आणि टू जानेवारी १९६२ ला सुरू झाल्या, केनेडीच्या काळात, एक कॅलिफोर्नियात कोरोनाडोला आणि दुसरी व्हर्जिनियात लिटल क्रीकला. माणसं आली ती जुन्या पाणसुरुंगवाल्या पथकांमधून, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावरचे अडथळे उडवणारे पाणबुडे होते ना, त्यांचीच पुढची पिढी. आधी ते तिकडच्या लोकांना शिकवायला गेले. स्वतः लढायला उतरले १९६६ च्या सुरुवातीला, आणि ते सुद्धा कुठे, तर रुंग सात नावाच्या दलदलीत. सायगॉन बंदरात जाणारी मोठी जहाजं लाँग ताऊ नदीतून जायची आणि ती नदी ह्याच दलदलीतून वळणं घेत जाते, दोन्ही बाजूला झाडी, आत व्हिएतकाँग (अमेरिकेविरुद्ध लढणारे तिथले कम्युनिस्ट गनिम) दबा धरून. ऑगस्ट १९६६ मधे बॅटन रूज व्हिक्टरी नावाचं मालवाहू जहाज तिथे सुरुंगाने फुटलं, सात खलाशी गेले. नदी बंद पडली असती तर सायगॉनचा गळाच आवळला गेला असता. त्याच्या चार दिवस आधी त्याच दलदलीत बिली मॅचन हा सील मारला गेला होता, लढाईत गेलेला पहिला सील तो. पॉइंट मॅन होता, सगळ्यांच्या पुढे चालणारा.

एका प्लॅटूनमधे फक्त चौदा माणसं, दोन अधिकारी आणि बारा जवान, रात्री निघताना त्यातले सहा-सात जण जायचे. सहा महिन्यांची ड्युटी, मग घरी, आणि बरेच जण परत परत यायचे. अख्ख्या युद्धात सील्स मेले पन्नासच्या आत. लोक म्हणतात बघा किती भारी, मी म्हणतो आधी हे बघा की मुळात माणसं किती कमी होती.

खाडीकाठचा
आमचं गाव उरणकडे, लहानपणापासून तिवरांत चिंबोऱ्या पकडायला जातो त्यामुळे रुंग सातबद्दल वाचलं तेव्हा मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. तोच प्रकार, फक्त आपल्या खाडीच्या शंभरपट पसरलेला. गुडघाभर, कधी मांडीभर चिखल, एक पाय काढायचा तर दुसरा आणखी आत, मुळं अशी की अंधारात नडगी फुटते. ज्याने तिवरांत चार पावलं टाकलीयत त्याला विचारा आवाज न करता चालणं काय असतं ते. चपक चपक आवाज येतोच. हे लोक तासाला शे-दोनशे मीटर सरकायचे, ते पण पाठीवर दारूगोळा लादून.

आणि मंग्याभाऊ, धडाधड गोळीबार विसरा. बहुतेक रात्री काहीच व्हायचं नाही. अंधार पडला की बोटीने कालव्यात शिरायचं, बोट मुद्दाम चार ठिकाणी थांबल्यासारखं करायची म्हणजे ऐकणाऱ्याला कळू नये माणसं कुठे उतरली, मग कालव्याच्या काठाला चिखलात बसून राहायचं सकाळपर्यंत. बोलायचं नाही, खोकायचं नाही, सिगरेट नाही, डास मारायचा नाही. शेजारच्याला काही सांगायचं तर हात दाबायचा किंवा दोघांमधे बांधलेली दोरी ओढायची. आणि भरती! तिथे भरती-ओहोटीत माणूसभर उंचीचा फरक पडतो, म्हणजे बसलात तेव्हा कोरड्यात आणि पहाटेपर्यंत पाणी छातीला, अंगाला जळवा, आणि तरी हलायचं नाही. समोरून होडी आली तर सगळा मामला अर्ध्या मिनिटात संपायचा, आणि मग जे काय धावायचं ते पाण्याकडे, कारण आवाज झाला म्हणजे सगळ्या गावाला कळलं.

कपड्यांची गंमत म्हणजे बरेच जण सरकारी पँट सोडून साधी लिवाइसची जीन्स घालायचे, ती काट्यांनी फाटत नाही आणि डास चावत नाही म्हणून. काही जण तर अनवाणी, म्हणजे बुटाचा ठसा नको. तोंडाला हिरवा-काळा रंग.

मंग्या_ठाणे
बाबो. पण सहा-सात माणसं आणि समोर पन्नास आले तर?

तोफखाना
तर पळायचं, सरळ. म्हणूनच बोट आणि हेलिकॉप्टर हे निम्मं यश. लोक सील्सचे फोटो शेअर करतात पण बोटवाल्यांचं नाव कोणी घेत नाही, मला त्याचा राग येतो. पीबीआर म्हणून एकतीस फुटी फायबरची बोट होती, खाली पंखाच नाही, पाणी आत ओढून मागे फेकणारा जेट पंप, त्यामुळे दोन फूट पाण्यात पण पळायची (तो पंप जकूझी कंपनीचा, हो तेच बाथटबवाले, हे मला फार आवडतं). पुढे पुढे खास सील्ससाठी वेगळ्या बोटी आल्या. आणि वरून सीवुल्फ म्हणजे नेव्हीचं स्वतःचं हेलिकॉप्टर स्क्वाड्रन, १९६७ मधे आर्मीकडून घेतलेली जुनी ह्यूई हेलिकॉप्टरं वापरून उभं केलेलं. रेडिओवर हाक मारली की काही मिनिटांत डोक्यावर. हे नसतं तर सहा माणसांनी तिथे जाणं म्हणजे आत्महत्या.

हत्यारांमधे स्टोनर ६३ ही हलकी मशीनगन त्यांची लाडकी, पट्ट्याने गोळ्या घेणारी, सात माणसांची तुकडी सत्तरची वाटावी असा मारा करायची, पण लाड पण तेवढेच, रोज साफ केली नाही तर ऐन वेळी रुसायची. चिखलात असली नाजूक वस्तू घेऊन जायची हिंमतच लागते.

सॅनडिएगोकर
इथे कोरोनाडोच्या बीचवर अजूनही पोरं डोक्यावर रबरी होडी घेऊन धावताना दिसतात, फिरायला आलेले पाहुणे फोटो काढतात. पण मला एक वेगळी गोष्ट सांगायची होती. व्हिएतनामला जायच्या आधी टीम वनची तयारी कुठे व्हायची माहितीये? वाळवंटात! इथून दोन-अडीच तासांवर नायलंड म्हणून गाव आहे सॉल्टन सी जवळ, उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर तापमान, एक झाड दिसेल तर शपथ. त्या भागात शेतीचे कालवे आहेत आणि गोळीबाराला मोकळी जमीन, म्हणून तिथे कॅम्प टाकला. त्या कॅम्पला नाव दिलंय बिली मॅचनचं, वर तोफखाना यांनी लिहिलं तोच. रात्री कालव्याकाठी दबा धरायची प्रॅक्टिस तिथेच करायचे आणि मग थेट मेकाँग.

शेजारी एक आजोबा राहायचे, त्या काळात नेव्हीत बोटीवर होते, सील नव्हते. नेव्हीचं काही विचारलं की हसून विषय बदलायचे, बेसबॉलवर यायचे. तोफखाना म्हणतात ते पटलं, बोटवाल्यांना कोणी विचारलंच नाही आणि आता ते पण सांगत नाहीत.

निळावंती
सगळं वाचतेय, माहिती छान आहे पण मंडळी जरा एकाच काठावरून बघताय असं वाटतं. अंधारात कालव्यातून येणाऱ्या होडीत कोण आहे हे दिसतं का? रात्री संचारबंदी असायची म्हणून जी होडी दिसेल ती शत्रूची, असा हिशोब होता. मासेमार कधी निघतो? भरती बघून निघतो, घड्याळ बघून नाही, हे खाडीकाठचा यांना तरी सांगायला नको.

आणि थान फाँग कोणी काढलंच नाही. २५ फेब्रुवारी १९६९ ची रात्र, बॉब केरीची सील तुकडी त्या गावात एका पुढाऱ्याला पकडायला गेली आणि डझनाहून जास्त गावकरी मेले, बायका आणि लहान मुलं. तेव्हा कागदावर व्हिएतकाँग मारले असं गेलं आणि केरीला ब्राँझ स्टार मिळाला. नंतर तो नेब्रास्काचा गव्हर्नर झाला, सिनेटर झाला, आणि हे बाहेर आलं थेट २००१ मधे. तो म्हणतो अंधारातून आमच्यावर गोळी आली म्हणून आम्ही झाडल्या, पण त्याच्याच टीममधल्या एकाने सांगितलं की लोकांना गोळा करून मारलं. २०१६ मधे हो ची मिन्ह सिटीतल्या नव्या फुलब्राइट विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळावर त्याला अध्यक्ष नेमलं तेव्हा तिकडे केवढा गदारोळ झाला. तेव्हा एकाला शंभर-दोनशे मारले असली जी गुणोत्तरं फिरतात ना, ती मोजणारा कोण होता हे आधी विचारा.

मी दोन वर्षांपूर्वी सायगॉनला गेले तेव्हा कान जिओला जाऊन आले, म्हणजे तुमचं हेच रुंग सात. आता तिथे माकडं आहेत, बोटीतून फिरवतात, २००० पासून युनेस्कोचं राखीव जंगल आहे. पण तिथली बहुतेक झाडी त्या युद्धानंतरची आहे. अमेरिकन विमानांनी औषध फवारून जुनी जवळजवळ संपवली होती, १९७८ नंतर तिकडच्या लोकांनी दक्षिण टोकाच्या 'का माऊ' भागातून रोपं आणून हाताने एकेक लावली. चिखलात उभं राहून. ते पण कष्टच की.

खाडीकाठचा
ताई मासेमाराचं बोललात ते एकदम खरं. आम्ही पण रात्री दोनला निघतो कधी कधी.

तोफखाना
निळावंतीताई, थान फाँग मी टाळलं नव्हतं, प्रश्न कामाबद्दल होता म्हणून तिथपर्यंत आलो नाही. पण तुमचा मुद्दा खोडता येत नाही. ह्या सगळ्या धाडी खबरीवर चालायच्या, खबर देणारा कधी पळून आलेला व्हिएतकाँग, कधी पैसे घेणारा, कधी शेजाऱ्याशी बांधाचं भांडण असलेला. खबर पक्की असली तर एकही गोळी न झाडता झोपेतून माणूस उचलून आणायचे, आणि कच्ची असली तर काय व्हायचं ते तुम्ही लिहिलंच.

फवारणीवरून आठवलं. तिथल्या अमेरिकन नेव्हीचा प्रमुख होता अ‍ॅडमिरल झुमवाल्ट. नदीकाठची झाडी राहिली तर आपल्या बोटींवर दबा धरून हल्ले होतात, म्हणून काठ साफ करायला त्याने फवारणी करवली. त्याचा स्वतःचा मुलगा तिथेच बोटीवर अधिकारी होता. तो मुलगा १९८८ मधे कॅन्सरने गेला, आणि बापलेक दोघंही उघडपणे म्हणाले की हे त्या औषधामुळेच. बापाने पुढे सगळं आयुष्य त्या औषधाने आजारी पडलेल्या सैनिकांना भरपाई मिळावी म्हणून घालवलं, आणि तरी म्हणायचा की तेव्हाच्या परिस्थितीत परत तोच आदेश दिला असता. मला ह्यावर काय बोलावं कळत नाही.

मंग्याभाऊ, मार्कोसचं राहिलं. ते सुरू झाले फेब्रुवारी १९८७ ला, तेव्हा नाव होतं इंडियन मरीन स्पेशल फोर्स, आणि त्याच वर्षी श्रीलंकेत शांतिसेनेबरोबर गेले. ऑक्टोबर १९८७ मधे जाफन्याला गुरुनगरच्या जेट्टीवर लेफ्टनंट अरविंद सिंग आणि त्यांची माणसं रात्री स्फोटकं घेऊन पोहत गेली, जेट्टी आणि एलटीटीईच्या बोटी उडवून गोळीबारातून परत आली, सिंग यांना महावीर चक्र मिळालं. पण ते खाजणातलं आणि बंदरातलं काम, जंगल नव्हे. वन्नीच्या जंगलात झिजली ती आपली आर्मी. काश्मीरात वुलर सरोवरावर मात्र मार्कोस अनेक वर्षं आहेत, म्हणजे समुद्रापासून किती लांब बघा.

सॅनडिएगोकर
अजून एक टाकतो. एप्रिल १९७२, म्हणजे सील प्लॅटून्स परत गेल्या होत्या, थोडे सल्लागार उरले होते. दक्षिण व्हिएतनामच्याच उत्तर टोकाकडे हॅम्बल्टन नावाचा वयस्कर हवाईदल अधिकारी विमान पडून शत्रूच्या फौजेच्या मधोमध अडकला. त्याला आणायला गेलेली हेलिकॉप्टरं पडली, माणसं गेली. शेवटी टॉम नॉरिस हा सील आणि न्युएन व्हान किएत हा दक्षिण व्हिएतनामी पाणबुडा कोळ्याचे कपडे घालून एका होडक्यातून वल्हवत गेले, त्याला होडीच्या तळाशी झोपवला, वर पालापाचोळा टाकला आणि घेऊन आले. नॉरिसला मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, मिळालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमधे नॉरिसच्या डोक्यात गोळी लागली, मेला म्हणून बाकीच्यांनी सांगितलं तरी माइक थॉर्नटन मागे धावत गेला, खांद्यावर टाकून समुद्रात शिरला आणि दोनेक तास त्याला धरून पोहत राहिला. त्याबद्दल थॉर्नटनलाही तेच पदक. नॉरिसचा एक डोळा गेला, तरी पुढे एफबीआयमधे नोकरी केली.

निळावंती
आणि किएत?

सॅनडिएगोकर
त्याला नेव्ही क्रॉस मिळाला, दक्षिण व्हिएतनामच्या नेव्हीत तो एकट्यालाच. मेडल ऑफ ऑनर परक्या देशाच्या सैनिकाला देत नाहीत.