मोठा खेळलेला कोच की जुने सर? सांगलीत टेनिससाठी पोरीला कुणाकडे घालावं?

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी. मुलगी अकराची आहे, टेनिस आवडीनं खेळते. आत्तापर्यंत ज्या सरांकडं जायची ते स्वतः युनिव्हर्सिटीच्या पुढं खेळलेले नाहीत, पण पोरं त्यांच्यावर जीव टाकतात. आता इथं एक नवीन कोच आलेत, नॅशनल खेळलेले, बाहेर जाऊन पंधरा हजार डॉलरवाल्या आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशन) स्पर्धा पण खेळलेत, खेळणं थांबवून कोचिंग चालू केलंय. फी डबलपेक्षा जास्त. घरात दोन पार्ट्या पडल्यात, बायको म्हणते नवीन कोच, सासरे म्हणतात एवढा भारी होता तर सांगलीत कशाला आला असता शिकवायला. जाणकारांनी सांगा, खेळाडू चांगला म्हणजे कोच चांगला असं असतं का?

मिरज_जंक्शन
सासऱ्यांना म्हणावं टेनिसमधला पैसा वरच्या शंभरातच आहे हो. ते पंधरा हजार डॉलर ऐकायला लई वाटतात, पण ती पूर्ण स्पर्धेची रक्कम, त्यात जिंकणाऱ्याला दोन हजारच्या आसपास आणि पहिल्या राउंडला हरला की दीडशे डॉलर. तिकीट, हॉटेल, जेवण, रॅकेटचं स्ट्रिंगिंग सगळं आपल्या खिशातनं. सुमित नागल 2023 मध्ये भारताचा एक नंबरचा खेळाडू होता तेव्हा त्यानं सांगितलं होतं की खात्यात 900 युरो आहेत, म्हणजे 80 हजार रुपये. तेव्हा खेळाडू कोचिंगला आला म्हणजे फेल गेला असा अर्थ काढू नका, घर चालवायला लागतंय.

बेसलाईनवाला
मूळ प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर डॅरेन केहिलचं करिअर बघा. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडचा माणूस, वडील तिकडच्या फुटबॉलमधले नावाजलेले कोच. 1988 च्या यूएस ओपनला यानं दुसऱ्या राउंडमध्ये बोरिस बेकरला घालवला आणि सेमीफायनलला गेला, तिथं विलँडरकडून हरला. सिंगल्सला रँकिंग 22 पर्यंत, टायटलं दोनच. मग गुडघे गेले, ऑपरेशनं झाली, तिशीच्या आसपास खेळणं बंद.

आणि नंतर काय केलं बघा. गावचाच पोरगा लेटन ह्युइट, त्याला घेऊन 2001 ला यूएस ओपन आणि वयाच्या 20 व्या वर्षी जगात एक नंबर. नंतर आंद्रे अगासीकडं गेला, तर तो 33 व्या वर्षी परत एक नंबर! म्हणजे एक कोवळा पोरगा आणि एक म्हातारा (टेनिसच्या हिशोबानं) दोघांनाही तोच माणूस चालला. मग सिमोना हालेप, 2017 ला एक नंबर, 2018 ला फ्रेंच ओपन. आणि 2022 पासनं यानिक सिनर, तो 2024 च्या जूनमध्ये एक नंबर झाला. हे चौघं एकमेकांसारखे अजिबात खेळत नाहीत, आणि माझ्या मते गोष्ट तिथंच आहे, त्यानं स्वतःचा गेम कुणावर लादला नाही. सिनरकडं त्याच्या जोडीला सिमोने वान्योझी आहे, तो तर स्वतः खेळताना पहिल्या दीडशेत पण नव्हता, तरी दोघं एकाच बाकावर बसून काम करतात.

उलट जिमी कॉनर्स बघा, 8 ग्रँड स्लॅम, 2013 ला शारापोवाचा कोच झाला आणि एका मॅचनंतर नारळ.

टॉपस्पिन_कुपवाड
बेसलाईनवाले, तुम्ही सोयीची उदाहरणं काढली. अँडी मरेचा कोच इव्हान लेंडल पण 8 ग्रँड स्लॅमवालाच की. तो सुरुवातीच्या चार ग्रँड स्लॅम फायनल हरला होता, मरे पण तीन हरून त्याच्याकडं आला, चौथी त्याच्याकडं असताना हरला, आणि मग 2012 ला यूएस ओपन, 2013 ला विम्बल्डन. फायनलच्या आदल्या रात्री पोटात काय होतं हे पुस्तकी कोच कुठनं सांगणार? आणि पोरगी तेरा-चौदाची झाली की समोरनं जड (जोराचा, फिरकीवाला) बॉल यायला पाहिजे, जुने सर ते रोज मारणार का हे पण बघा.

बेसलाईनवाला
टॉपस्पिन, लेंडलचं मान्य. पण जड बॉल मारायला हिटिंग पार्टनर मिळतो, त्यासाठी कोच बदलायला पाहिजे असं नाही. अकराव्या वर्षी ग्रिप, फूटवर्क आणि सर्व्हचा टॉस (बॉल वर उडवणं), एवढंच. विश्रामबागकर, तुम्ही दोन्हीकडं जाऊन बाहेर उभं राहा आणि फक्त एवढं बघा की पोरगी चुकल्यावर कोच काय म्हणतो. "बॉल बघ, बॉल बघ" एवढंच ओरडत असेल तर नॅशनल खेळलेला असो नाहीतर कुणी, सोडून द्या. उशिरा मारलंस, पाय आधी लाव, असं काहीतरी नेमकं सांगत असेल तर फी वसूल आहे.

कृष्णाकाठ
सांगलीचा धागा आणि नंदू नाटेकरांचं नाव कुणीच घेतलं नाही? आपल्या सांगलीत जन्मलेला माणूस, सुरुवात टेनिसपासनंच होती, ज्युनिअरला रामनाथन कृष्णनकडून हरले आणि बॅडमिंटनकडं वळले. 1956 ला मलेशियात जिंकले, परदेशात टायटल जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. 1961 चा अर्जुन पुरस्कार. मुलगा गौरव मात्र टेनिसमध्येच गेला, सात वेळा नॅशनल चॅम्पियन, 1994 च्या एशियन गेम्सला पेससोबत डबल्सचं गोल्ड. अवांतर आहे, माहितीये, पण राहवलं नाही. पोरीला विचारलंय का कुणी, तिला कुठं जायचंय?

विश्रामबागकर
सगळ्यांचे आभार. पोरीला विचारलं, तिला मैत्रिणी जिथं तिथं जायचंय, म्हणजे जुने सर. काल नवीन कोचकडं बाहेर थांबून बघितलं, एका पोराचा टॉस सुधारायला अर्धा तास घालवला, एकदाही आवाज चढवला नाही, मला माणूस आवडला. तूर्त असं ठरवतोय की आठवडाभर सरांकडं आणि रविवारी फक्त सर्व्हसाठी नवीन कोच. सरांना वाईट वाटेल का एवढीच धाकधूक आहे.

मिरज_जंक्शन
वाईट वाटेलच, पण आधी तुम्हीच जाऊन सांगा. सांगली केवढीशी, रविवारच्या पहिल्या सेशनलाच कुणीतरी त्यांना फोन करणार.