‘गिफ्टेड’ मुलांना मराठीत काय म्हणावं?

रावेरकर : आमच्या केंद्रात हुशार पोरांसाठी शनिवारी जादा वर्ग सुरू करतोय. सूचना लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडकलो. प्रतिभावान लिहू, प्रज्ञावान, की सरळ हुशार?

तापीकाठ : भाऊ, ‘प्रतिभावान’ नको. मराठीत प्रतिभा कवीकडे गेली. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी त्या प्रतिभावान. गणितात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्याला तसं कोण म्हणतं? संस्कृत काव्यशास्त्रात मात्र नवनवोन्मेषशालिनी प्रज्ञा म्हणजेच प्रतिभा, सख्ख्या बहिणीच. पुढे प्रज्ञा ‘प्रज्ञाशोध’ परीक्षेत जाऊन बसली. ‘हुशार’ फारसी होशियारवरून, म्हणजे सावध. म्हणून तर ‘जास्त हुशारी करू नको’.

रावेरकर : मग प्रज्ञावान. 50 गुणांची चाचणी घेऊन निवड करतो.

साक्रीची बाई : सर, ‘शोध’ म्हणायचं आणि ‘निवड’ करायची, इथंच घोळ आहे. तांदूळ निवडताना सुपातलेच खडे काढतो. शोधायला उंबरठा ओलांडावा लागतो. 1921 साली कॅलिफोर्नियात मानसशास्त्रज्ञ टर्मन यांनी बुद्ध्यंकावर मुलं निवडली. चाचणी देऊन बाहेर राहिलेल्यांत शॉकली आणि अल्वारेझ होते. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल!

माझ्या वर्गातला एक पोरगा शिष्यवृत्तीच्या सरावात कायम मागे. एकदा बाजारात बापाच्या कांद्यापाशी बसलेला दिसला. भाव 24 रुपये, माझे भरले पावणेचार किलो. काटा थांबायच्या आत म्हणाला, ‘नव्वद’. कसं काढलंस विचारलं, तर अहिराणीत म्हणाला, ‘चार किलोना धरात, पावना काढी टाकात.’ हेच गणित पेपरात पुस्तकी मराठीत आलं की तो कोरं सोडायचा.

आधी वर्ग कशासाठी ते ठरवा. परीक्षेची तयारी असेल तर ‘शिष्यवृत्ती वर्ग’ म्हणा, चाचणी खुशाल घ्या. नेहमीचा वर्ग ज्याला पुरत नाही त्याच्यासाठी असेल, तर शिक्षकांना विचारा, पोराशी अहिराणीत बोला, त्यानं घरी केलेलं काहीतरी बघा. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ रेंझुली यांनी 1978 मध्ये अशा पोरांच्या तीन गोष्टी मांडल्या : सरासरीहून वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हातात घेतलेलं तडीस नेण्याची चिकाटी.

तापीकाठ : तिसरीला आपल्याकडे ‘नाद’ म्हणतात, बाई.

रावेरकर : चाचणी तूर्त बाजूला ठेवली. सूचनेत लिहिलं, ‘ज्याला कशाचा तरी नाद आहे, त्याला पाठवा.’ मुख्याध्यापक म्हणाले, खोडा ते, आई-बाप पोराला घेऊन डॉक्टरकडे जातील.