गंजगोलाईतून गाडे उठवायचे की गाड्या?

गोलाईप्रेमी: सरळच बोलतो. लातूरची गंजगोलाई १९१७ ची, फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं आखलेली, मधोमध दुमजली गोल इमारत, आत अंबाबाईचं मंदिर आणि भोवती १६ रस्ते. आणि आज दिसतंय काय, तर फळांचे गाडे, गाड्यांवर छत्र्या, छत्र्यांच्या वर बॅनर. पाहुण्याला दाखवायला नेलं तर तो गोलाईतच उभा राहून विचारतो गोलाई कुठाय! गाडे उठवा, दुसरा उपाय नाही.

कापडलाईनवाला: दादा, ही जागा बांधलीच बाजारासाठी. १९११ ला बार्शी लाईट रेल्वे लातूरपर्यंत आली आणि सहा वर्षांत गोलाई उभी राहिली, तेव्हा आपण निजामाच्या राज्यात उस्मानाबाद जिल्ह्यात होतो. १६ रस्ते फोटोसाठी नाहीत काढले. खेड्यातनं आलेला माणूस सराफ लाईनीत मणी घेतो, आमच्याकडं बस्ता बांधतो, भुसार लाईनीत सामान भरतो आणि जाता जाता गाड्यावरनं बांगड्या नाहीतर डझनभर केळी घेऊन एस्टीला पळतो, ही सगळी एकच खरेदी हाय. गाडेवाला गेला की ते गिऱ्हाईक आमच्याकडं पण येणार नाही बगा.

गोलाईप्रेमी: तो काळ गेला. तूर, सोयाबीनचे सौदे आता मार्केट यार्डात होतात. आणि उद्या एखाद्या कापड दुकानाला आग लागली तर बंब कुठनं आत आणायचा ते सांगा.

अंबाबाईची लेक: बंबाचा मुद्दा खरा हाय, पण वाट अडवायलंय कोण? नवरात्रात सासूबाईंचा हात धरून दर्शनाला गेले होते, मागनं ॲम्ब्युलन्स आली. पेरूवाल्या मावशींनी गाड्याच्या चाकाखालचा दगड पायानं सरकवला आणि गाडा बाजूला घेतला, मिनिट पण नाही लागलं. अडकली ती लॉक करून लावलेल्या कारपाशी, मालक दुकानात साड्या बघत बसलेला. आणि दादा, २०१४ चा फेरीवाला कायदा हाय, आधी सर्व्हे करावा लागतो, तोवर कुणाला असं उठवता येत नाही. माझं म्हणणं, दिवसा गोलाईत गाड्या बंद करा, दुकानांचा माल पहाटे उतरवा, गाडेवाल्यांना पट्टे आखून जागा द्या, मंदिराची चारी बाजू मोकळी ठेवा.

कापडलाईनवाला: ताई, औसा-रेणापूरचं गिऱ्हाईक आख्ख्या लग्नाचा बस्ता डोक्यावर घेऊन चालत जाणार का? कार दारात येत नसेल तर ते बाहेरच्या मोठ्या शोरूमला जातंय, तिथं पार्किंग असतंय.

अंबाबाईची लेक: मग बस्ता पोचवायला हमाल द्या, सगळ्या दुकानांनी मिळून हातगाडी ठेवा. दिवसभर इथं बायका, म्हातारी माणसं, क्लासची पोरं मोटारसायकलींच्या मधनं अंग चोरत चालायलेत, ते पण गिऱ्हाईकच हाय ना.

गोलाईप्रेमी: वाहनबंदीला माझा पण पाठिंबा. पण बॅनर आणि छत्र्या इमारतीला लागून नकोत, यात मी मागं हटणार नाही.

कापडलाईनवाला: बॅनरचं मान्य. वाहनबंदी लग्नसराईत आणि दिवाळीत अजिबात नको, करायचीच तर आषाढात महिनाभर करून बगा, धंदा किती पडतोय ते आम्ही वही उघडून दाखवतो.

अंबाबाईची लेक: चालतंय, आषाढ तर आषाढ. पण भर पावसात गिराकी तशीबी कमीच असती, म्हणून आदल्या वर्षीच्या आषाढाची वही पण शेजारी ठेवायची, आणि गाडेवाल्यांना पण विचारायचं.