मदत हवी आहे: कॉर्पोरेट फिल्म आणि कार्यक्रमासाठी व्हिडिओग्राफर (तातडीचं)

घाईत_आहे | शुक्रवार, दुपारी ३:१०

नमस्कार मंडळी. कंपनीची कॉर्पोरेट फिल्म करायची आहे आणि वर्धापनदिनाचा कार्यक्रमही शूट करायचाय. तीन कोटेशनं आलीत: ४५ हजार, १ लाख ६० हजार आणि ३ लाख ९० हजार. तिघांनाही एकच मेल पाठवला होता, मग एवढा फरक कसा? सोमवारी सकाळी साहेबांसमोर तुलनेचा तक्ता ठेवायचाय. पुण्यातला खात्रीचा माणूस सुचवा. बजेट वाजवी आहे. फार तांत्रिक नको, कोणता घेऊ तेवढं सांगा.

ट्रायपॉड | ३:२६

वाजवी हा आकडा नव्हे. तारीख काय? कंपनी काय बनवते? फिल्म किती मिनिटांची आणि बघणार कोण: ग्राहक, नोकरीला येणारी मुलं, की लॉबीतला टीव्ही? कार्यक्रम किती तास, कुठल्या हॉलमध्ये? मेलमध्ये नक्की काय लिहिलं होतं ते इथे डकवा.

घाईत_आहे | ३:४१

मेल असा: "कॉर्पोरेट फिल्म व इव्हेंट शूट, ड्रोनसह, उत्तम दर्जा. सर्वोत्तम दर कळवावा." कंपनी चाकणला. बाकी नेहमीसारखंच.

खर्डेघाशी | ४:०५

या मेलवर तीन वेगळे आकडे आले यात नवल नाही, एकसारखे आले असते तर संशय घ्यायला हवा होता. ४५ हजारवाल्याने एक माणूस एक कॅमेरा धरलाय, ३ लाख ९० वाल्याने स्क्रिप्ट, दोन दिवस, लाइट, व्हॉइसओव्हर सगळं धरलंय. दोघंही खरं बोलतायत.

तक्ता करायचा तर तिघांना परत मेल करा आणि ओळीनुसार दर मागा. माणसं किती आणि कोणत्या कामाची, शूटचे दिवस आणि एका दिवसाचे तास, कॅमेरे, लाइट, साउंड, एडिटच्या किती फेऱ्या, व्हॉइसओव्हर किती भाषांत, संगीताचा परवाना, प्रवास, जादा तासाचा दर. फिल्म आणि कार्यक्रम हे दोन वेगळे मथळे ठेवा, ही दोन वेगळी कामं आहेत. आणि जीएसटी बाहेर काढून तुलना करा. दर १८ टक्के. तुम्हाला इनपुट क्रेडिट (दिलेल्या जीएसटीची वजावट) मिळत असेल तर नोंदणी नसलेला माणूस तेवढ्यानेच स्वस्त दिसतो, प्रत्यक्षात असतोच असं नाही.

फुकटचा_सल्ला | ४:१८

एवढे पैसे देण्यापेक्षा एक चांगला कॅमेराच घ्या ना. ऑफिसात कोणीतरी हौशी असतोच.

ट्रायपॉड | ४:२२

कॅमेरा येईल, पण शूट कोण करणार? तोच हौशी माणूस कार्यक्रमात बक्षीस घ्यायला स्टेजवर जाईल तेव्हा?

आवाज_बंद | ५:३०

सगळे कॅमेऱ्यावर बोलतायत, आवाजाचं कोणी विचारतच नाही. कार्यक्रमाचा व्हिडिओ वाया जातो तो बहुतेकदा आवाजापायी. हॉलच्या साउंडवाल्याच्या मिक्सरमधून फीड घेणार का, हे तिघांना विचारा. "कॅमेऱ्याला माइक आहे की" असं उत्तर आलं तर फोन ठेवा.

फीड मेन आउटमधून नको, वेगळा ऑक्स (मिक्सरचा स्वतंत्र आउटपुट) मागा. मेनचा फेडर तो माणूस हॉलसाठी वरखाली करत राहतो, शिट्टी आली की खाली ओढतो, आणि तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये एमडी मध्येच कुजबुजायला लागतात. दुसरं, मिक्सरमधून लाइन लेव्हल सिग्नल येतो, म्हणजे माइकपेक्षा बराच जोरदार. तो कॅमेऱ्याच्या माइक इनपुटला तसाच जोडला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज एडिटमध्ये शिवता येत नाही. इनपुट लाइनवर टाका, ती सोय नसेल तर मध्ये सिग्नल खाली आणणारा ४० डीबीच्या आसपासचा पॅड लावा. गुणगुण येत असेल तर मध्ये डीआय बॉक्स नावाचा छोटा डबा लावून ग्राउंड लिफ्ट करा, म्हणजे अर्थिंगची जोडणी तोडा. शिवाय वेगळा रेकॉर्डर चालू ठेवा आणि हॉलमध्ये एक माइक प्रेक्षकांकडे. मिक्सरच्या फीडमध्ये टाळ्या नसतात. त्या नसल्या की पुरस्कार वितरण शोकसभेसारखं वाटतं.

कोथरूडची_मावशी | ६:०२

विषय निघालाच आहे तर, आमच्या ह्यांच्या पंचाहत्तरीला कोणी आहे का? घरगुतीच आहे, साधारण ६० माणसं.

लॉ_कॉलेज_रोड | ६:४७

एफटीआयआयमधून शिकलेला सिनेमॅटोग्राफर घ्या. फ्रेम म्हणजे काय ते त्याला कळतं. लग्नवाल्यांना फक्त गिंबल (कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा) घेऊन गोल गोल फिरता येतं.

ट्रायपॉड | ७:०५

फिल्मसाठी मान्य. कार्यक्रमाला मात्र लग्नवालाच बरा. एकदाच घडणारी गोष्ट न थांबवता पकडायची सवय त्याला असते, "सर, परत एकदा हार घाला" म्हणायची वेळ येत नाही. शोरील बघून दोघांपैकी कोणालाच घेऊ नका. शोरील म्हणजे पाच वर्षांतले सर्वांत चांगले ९० सेकंद. कार्यक्रमवाल्याकडून एखाद्या भाषणाचं न कापलेलं १० मिनिटांचं फुटेज मागा, त्यात फोकस, एक्स्पोजर, आवाज सगळं उघडं पडतं. फिल्मवाल्याकडून एक अख्खी फिल्म मागा आणि ती कोणी शूट केली ते विचारा. येणाऱ्या माणसाचं नाव कोटेशनमध्ये लिहून घ्या. लग्नसराईत मुहूर्ताच्या दिवशी मालक एकीकडे असतो आणि तुमच्याकडे असिस्टंट येतो.

तारीख अजून सांगितली नाहीत.

घाईत_आहे | ७:३८

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार. कार्यक्रम खराडीच्या हॉटेलमध्ये, सकाळी १० ते दुपारी ४. आणि हो, जर्मनीच्या पार्टनरना लाइव्ह दाखवायचंय, ते मेलमध्ये राहिलं. ड्रोनने हॉटेलच्या वरून एक शॉट हवाच, साहेबांची खास सूचना आहे.

खर्डेघाशी | ७:५०

तुळशीची लग्नं झाली की लग्नसराई सुरू. त्यात शनिवार. सोमवारी तक्त्याच्या आधी तिघांना फोन करून तारीख मोकळी आहे का ते विचारा, नाहीतर तक्ता कागदावरच राहील.

फुकटचा_सल्ला | ८:११

ड्रोनला काही लागत नाही, २५० ग्रॅमच्या आतला आणायला सांगा. नॅनोला परवानगीच लागत नाही.

ट्रायपॉड | ८:२९

अर्धवट माहिती. २०२१ च्या ड्रोन नियमांत नॅनोला रिमोट पायलट प्रमाणपत्रातून सूट आहे, हवाई क्षेत्राच्या बंधनातून नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ५ ते ८ किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच यलो झोन लागतो, म्हणजे एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रणाची) परवानगी आली, त्याच्याही आत रेड. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत ग्रीन, म्हणजे मोकळं. खराडीपासून लोहगाव विमानतळ किती लांब ते पुणेकरांना सांगायला नको, आणि तिथली धावपट्टी हवाई दलाची आहे. तो शॉट विसरा. हॉटेलच्या गच्चीवरून वाइड घ्या, साहेबांना तेच दाखवा.

चाकणला उडवता येईल, पण डिजिटल स्काय या सरकारी साइटच्या नकाशावर प्लॉटची जागा टाकून झोन तपासा आणि त्या आठवड्यात पोलिसांचा ड्रोनबंदीचा आदेश नाही ना ते पाहा. पैसे घेऊन २५० ग्रॅमच्या वरचा उडवणाऱ्याकडे तीन कागद मागा: ड्रोनचा यूआयएन (नोंदणी क्रमांक), पायलटचं प्रमाणपत्र, थर्ड पार्टी विमा. नॅनोला मोठी बॅटरी लावली की तो २५० च्या वर जातो, हेही पायलट सहसा सांगत नाही.

वायरवाला | ९:१५

लाइव्हची एकच गोष्ट: हॉटेलचं वायफाय नको. १०८०पी ला ६ एमबीपीएसच्या आसपास अपलोड लागतो, हातात दुप्पट ठेवा. हॉटेलच्या आयटीवाल्याकडून स्वतंत्र लॅन पॉइंट लेखी मागा आणि आदल्या दिवशी त्याच वेळेला, त्याच खोलीत टेस्ट करा. बॅकअपला दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं. कंपनीच्या यूट्यूब चॅनेलवरून कधी लाइव्ह केलं नसेल तर ती सोय आजच सुरू करा, पहिल्यांदा २४ तास लागू शकतात. सकाळी ९:४० ला हे कळलं तर कोणी काही करू शकत नाही. पुरस्काराच्या वेळी सिनेमाची गाणी वाजवू नका, कॉपीराइटचा दावा येऊन प्रक्षेपण बंद पडू शकतं.

आणि नोव्हेंबरात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. तुमचे १० म्हणजे त्यांचे पहाटेचे साडेपाच, तेही शनिवारी. कोण उठणार आहे?

घाईत_आहे | ९:२२

बाप रे. हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

शॉपफ्लोअर | शनिवार, सकाळी ७:४०

फिल्मच्या बाजूचं लिहितो, ते राहिलंय. चाकणचं शूट म्हणजे आधी गेटचं काम. कॅमेऱ्याची बॉडी, लेन्स, लॅपटॉप, हार्ड डिस्क, प्रत्येकाचा सीरियल नंबर असलेली यादी आदल्या दिवशी सिक्युरिटीला द्या, रिटर्नेबल गेटपास करून ठेवा. नाहीतर संध्याकाळी आपलीच लेन्स बाहेर काढायला सही करणारा माणूस शोधत फिरतात. सेफ्टी इंडक्शनला अर्धा-पाऊण तास धरा. पेंट शॉप आणि सॉल्व्हंटच्या स्टोअरमध्ये साधा बॅटरीचा लाइट किंवा कॅमेरा नेता येत नाही, ते शॉट स्क्रिप्टमध्येच नकोत. लेझर मार्किंग, लेझर कटिंग उघडं असेल तर कॅमेरा समोर धरू देऊ नका. परावर्तित किरणानेही सेन्सरवर कायमची रेघ पडते आणि बिल कोणाचं यावरून वाद होतो.

खरा घोळ फ्रेममध्ये असतो. ऑपरेटरने गॉगल वर सरकवून कपाळावर घेतलाय, मशीन छान चालतंय, शॉट सुंदर, पण ग्राहकाच्या ऑडिटरने तो पाहिला की संपलं. मागे अवरली बोर्डवर (तासागणिक उत्पादन लिहायच्या फळ्यावर) लाल मार्करने रिजेक्शनचा आकडा. बाजूच्या पार्ट ठेवायच्या बिनवर दुसऱ्या ग्राहकाचा पार्ट नंबर, ज्याच्याशी तुमचा गोपनीयतेचा करार आहे. कॅमेरामनला यातलं काहीच कळत नाही, त्याचा दोषही नाही. तुमच्या सेफ्टी आणि क्वालिटीचा एकेक माणूस मॉनिटरसमोर उभा करा, प्रत्येक शॉट त्यांनी पास केल्याशिवाय ट्रायपॉड उचलायचा नाही.

एमडींची मुलाखत शेडमध्ये घेऊ नका. कॉन्फरन्स रूममध्ये एसी बंद करून, कॉलर माइक लावून घ्या. मागे काचेतून प्रॉडक्शन लाइन दिसली की झालं.

लॉ_कॉलेज_रोड | ९:१०

आणि सेकंदाला २४ फ्रेमवर शूट करायला सांगा. सिनेमॅटिक दिसतं.

ट्रायपॉड | ९:३४

२५ वर करा. आपली वीज ५० हर्ट्झची, लाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर पट्टे दिसत नाहीत. २४ वर सवयीने १/४८ ठेवणारे असतात, मग शेडच्या हायबे लाइटखाली चित्र हळूहळू धडधडतं. स्लो मोशन हवं असेल तर १२० नको, १०० फ्रेम आणि शटर १/१००. स्वस्त एलईडीखाली १२० वर हमखास फ्लिकर येतो. हॉटेलात स्टेजमागे एलईडी वॉल असेल तर तिचा ब्राइटनेस बराच खाली आणायला लावा, नाहीतर बोलणारा माणूस काळा आणि मागचा लोगो पांढरा.

लॉ_कॉलेज_रोड | ९:५१

२४ वर १/५० ठेवता येतं. कॅमेरामनला शटर कळत नसेल तर दोष २४ चा नाही.

ट्रायपॉड | ९:५८

बरोबर आहे. पण ४५ हजारात काय कळत असेल ते तुम्हीच ठरवा.

खर्डेघाशी | ११:२०

करारात दोन-तीन ओळी घाला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार मोबदला देऊन करून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, करून घेणारा. तरी कच्च्या फुटेजबद्दल वेगळं लिहा, भांडणं तिथेच होतात. संगीत आणि व्हॉइसओव्हरचे हक्क लिहून घेताना मुदत आणि प्रदेश नमूद करा. मुदत नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर भारत. तुमचा पार्टनर जर्मनीत आहे.

फुटेजच्या जागेचा हिशोब: १०० एमबीपीएसला तासाला ४५ जीबी. तीन कॅमेरे सहा तास म्हणजे ८१० जीबी. दोन-दोन टीबीच्या दोन डिस्क तुम्हीच द्या, एक त्याच्याकडे, एक तुमच्याकडे, त्याच संध्याकाळी. कार्ड पुसायचं ते दोन्ही प्रती उघडून पाहिल्यावर.

आणि तुमच्या कंपनीची ९० दिवसांची पेमेंट टर्म इथे चालणार नाही. समोरचा उद्यम नोंदणीचा सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर करारात काहीही लिहा, जास्तीत जास्त ४५ दिवस.

कोथरूडची_मावशी | दुपारी १२:०५

माझ्या प्रश्नाकडे कोणी पाहिलं का?

आवाज_बंद | १२:३१

मावशी, वेगळा धागा काढा. ६० माणसांना एक कॅमेरा पुरेल. काकांना कॉलर माइक मात्र लावा.

घाईत_आहे | रविवार, रात्री ९:४५

अपडेट. ओळीनुसार मेल पाठवला. ३ लाख ९० वाल्याला ती तारीख मोकळी नाही. १ लाख ६० वाल्याने कार्यक्रमाला तीन कॅमेरे, मिक्सर फीड, वेगळा रेकॉर्डर असं सगळं लिहून दिलं, लाइव्हचे वेगळे लावलेत, फिल्मचं म्हणतो आधी प्लांट बघायला येतो, मग सांगतो. ४५ हजारवाल्याचं उत्तर: "सर, सगळं होऊन जाईल."

साहेब विचारतायत, ड्रोन वगळून किती कमी होतील?

ट्रायपॉड | ९:५२

फिल्म किती मिनिटांची आणि बघणार कोण, हे शुक्रवारी ३:२६ ला विचारलं होतं.