जळगावच्या डाळमिलसाठी क्लाउडवरील डिझास्टर रिकव्हरी सेवा घ्यावी का?

डाळमिल_जळगाव

नमस्कार. जळगाव एमआयडीसीत आमची तूर आणि हरभऱ्याची डाळमिल आहे. हिशेब, साठा, भुईकाट्याच्या नोंदी आणि ई-वे बिलाची तयारी हे सारे काम कार्यालयातील एकाच सर्व्हरवर चालते, आणि रोज संध्याकाळी मुनीमजी त्याची प्रत बाह्य हार्ड डिस्कवर घेऊन घरी नेतात. गेल्या मे महिन्यात विजेचा दाब वरखाली होऊन सर्व्हरच्या दोन्ही डिस्क एका रात्रीत गेल्या, आणि तेव्हा कळले की बाह्य डिस्कवरची शेवटची पूर्ण प्रत १९ दिवसांपूर्वीची आहे. प्रत घेतल्याचा संदेश रोज येत होता. मात्र डेटाबेसची फाईल उघडी असल्यामुळे नेमकी तीच वगळली जात होती.

त्या १९ दिवसांची आवक आम्ही काट्याच्या पावत्यांवरून पुन्हा भरली. थर्मल कागदाच्या त्या पावत्या खिडकीजवळ तारेत टोचलेल्या असत. उन्हामुळे वरच्या पावत्यांवरचे आकडे इतके पुसट झाले होते की मोबाईलवर फोटो काढून, तो गडद करून वजन वाचावे लागले. काही आडत्यांकडे त्यांची पावती मागावी लागली, याचे फार वाईट वाटले.

आता एका पुरवठादाराने क्लाउडवरील, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरवरील, डिझास्टर रिकव्हरी सेवा सुचवली आहे. आमची माहिती सुमारे ५०० जीबी आहे. ही सेवा म्हणजे महागडा बॅकअपच, की तिचा खरोखर वेगळा उपयोग आहे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

सर्व्हर_धुळे

भाऊ, किंमत ज्यावर ठरते तो फरक आधी सांगतो. बॅकअप ही माहितीची प्रत असते, तर डिझास्टर रिकव्हरीमध्ये ती माहिती ज्यावर चालते तो अख्खा सर्व्हर दुसऱ्या ठिकाणी ठरलेल्या वेळेत उभा करायचा असतो. आपल्या सर्व्हरवर एक छोटा प्रोग्राम बसवतात. डिस्कवर जे जे बदलते ते तो सतत क्लाउडकडे पाठवत राहतो. एरवी तिथे फक्त साठवणुकीचे आणि एका लहान मशीनचे भाडे लागते, आणि पूर्ण ताकदीचा सर्व्हर प्रसंग आला तरच चालू होतो. ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांच्याही सेवा साधारण अशाच चालतात. दुसरी जागा, दुसरा सर्व्हर, दुसरा एसी यांत पैसा अडकत नाही, आणि मध्यम उद्योगासाठी मला हाच सर्वांत मोठा लाभ वाटतो. शिवाय मिलला आग लागली किंवा चोरी झाली, तरी माहिती पुण्यात किंवा मुंबईत सुरक्षित राहते.

अडचण आपल्या इंटरनेट जोडणीची आहे. अपलोडचा वेग २० एमबीपीएस असेल, तर ५०० जीबी पहिल्यांदा वर चढवायला सुमारे ५५ तास लागतात, तेही जोडणीवर दुसरे काहीही चालत नसेल तर. सगळे परत खाली आणायला १०० एमबीपीएसवरही ११ तास हवेत. माहिती आत नेण्याचे बहुधा पैसे पडत नाहीत, पण बाहेर आणण्याचे प्रति जीबी पडतात, आणि पुरवठादाराच्या कोटेशनमध्ये ती ओळ अनेकदा नसते. ती लेखी मागून घ्या.

जिनिंग_चोपडा

आम्ही तीन वर्षांपासून अशी सेवा वापरतो आणि ती सोडण्याचा विचार नाही, तरीही पहिल्या सरावाचा अनुभव सांगणे मला आवश्यक वाटते. दसऱ्यापूर्वी, कापसाची आवक सुरू होण्याआधी, आम्ही कारखान्यातला सर्व्हर मुद्दाम बंद केला. क्लाउडवरचा सर्व्हर २५ मिनिटांत चालू झाला, पण सॉफ्टवेअरचा परवाना ज्या यूएसबी डोंगलवर (पेनड्राइव्हसारख्या किल्लीवर) होता, तो बंद केलेल्या सर्व्हरलाच लावलेला होता, त्यामुळे कोणालाही लॉगिन करता येईना. ते निस्तरल्यावर काट्याचे वजन येईना, कारण काट्याची केबल स्थानिक संगणकालाच जोडलेली असते. गाड्या उभ्या असताना हे घडले असते तर शेतकऱ्यांना दिवसभर तिष्ठत राहावे लागले असते.

दुसरी गोष्ट पावसाळ्यातली. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली आणि आमच्या दोन्ही कंपन्यांच्या जोडण्या एकदम बंद पडल्या, कारण दोघांचीही केबल एकाच चारीतून आलेली होती. क्लाउड व्यवस्थित चालू होते. आम्हालाच तिथपर्यंत पोहोचता येत नव्हते. तेव्हापासून काट्यावरच्या संगणकात नोंद आधी जागेवरच साठते आणि जोडणी आल्यावर वर जाते, आणि दुसरी जोडणी आम्ही सिमकार्डावरची ठेवली आहे.

लेखापाल_भुसावळ

वरील दोघांशी सहमत आहे. मात्र रॅन्समवेअरचा, म्हणजे फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा, मुद्दा राहिला. सतत नक्कल करणारी व्यवस्था बिघडलेली फाईलही तितक्याच तत्परतेने वर पाठवते, म्हणून काही दिवस मागच्या स्थितीवर जाता येईल आणि मधल्या काळात कोणालाही पुसता येणार नाही, अशा प्रती मागाव्यात. क्लाउड खात्याचा पासवर्ड कार्यालयातील सर्व्हरच्या पासवर्डपेक्षा वेगळाच असावा.

सगळे एकाच पुरवठादाराकडे ठेवू नये, असे मी माझ्या पक्षकारांना आग्रहाने सांगतो. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर (सर्व्हर ठेवण्याची इमारत) जळून खाक झाले, आणि ज्यांच्या प्रतीही तिथेच होत्या त्यांची माहिती कायमची गेली. मे २०२४ मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियन निवृत्तीवेतन निधीची गूगल क्लाउडवरील यंत्रणा चुकीच्या मांडणीमुळे पुसली गेली. दुसऱ्या पुरवठादाराकडे ठेवलेल्या प्रती तेव्हा फार उपयोगी पडल्या. म्हणून मुनीमजींची डिस्क बंद करू नका, फक्त दर आठवड्याला तीवरून एखादी फाईल उघडून पाहा.

आपली मिल कंपनी म्हणून नोंदलेली असेल, तर ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांची प्रत रोज भारतातील सर्व्हरवर असणे बंधनकारक आहे. करारात डेटा सेंटर भारतातलेच असल्याचा उल्लेख करून घ्यावा. जीएसटीच्या नोंदी त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. डिझास्टर रिकव्हरी सेवेत मागच्या स्थिती साधारणपणे थोड्याच दिवसांच्या मिळतात, त्यामुळे हे काम तिच्यावर सोपवता येणार नाही.

डाळमिल_जळगाव

सर्वांचे मनापासून आभार. हिशेब आणि साठ्याचा सर्व्हर या सेवेत घ्यायचा, काट्याची नोंद जागेवरच ठेवायची आणि नवीन तूर येण्याआधी, नोव्हेंबरात, सर्व्हर बंद करून सराव करायचा, असे वडिलांशी बोलून ठरवले आहे. आमच्याही सॉफ्टवेअरला डोंगल आहे, हे आज सर्व्हरच्या मागे हात घालून पाहिल्यावर कळले. क्लाउडवर परवाना कसा चालेल, हे सॉफ्टवेअर कंपनीला लेखी विचारले आहे. ते उत्तर येईपर्यंत करारावर सही करणार नाही. काट्याच्या पावत्या कालपासून खिडकीजवळून काढून कपाटात ठेवू लागलो आहोत.