ईजीआर व्हॉल्व्ह बंद करावा का?

घाटवाला: माझी २०१४ ची डिझेल गाडी गेल्या पावसाळ्यात खंबाटकी घाटात ओढेनाशी झाली, मागून काळा धूर येऊ लागला आणि चेक इंजिनचा दिवा लागला. गॅरेजमध्ये ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे जळलेला वायू थोडा परत इंजिनात सोडणारी झडप, खोलला, तेव्हा आत डांबरासारखा थर साचून झडप अर्धवट उघडी अडकलेली दिसली. तिथल्या मेस्त्रींचा सल्ला असा होता की पत्र्याची प्लेट घालून वाटच बंद करावी आणि ईसीयूमध्ये (इंजिनाच्या संगणकात) सॉफ्टवेअरची दुसरी फाइल टाकून दिवा विझवावा. मी व्हॉल्व्ह साफ करून पुन्हा बसवला. सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूचा काही भाग परत इंजिनात सोडला की ऑक्सिजनचे प्रमाण घटते, ज्वलनाचे कमाल तापमान उतरते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे कमी तयार होतात. प्लेट घातली की ही सारी व्यवस्था संपते. म्हणून ती घालू नये, असे माझे मत आहे.

जुना डिझेलवाला: घाटवाले, तुमचे पुस्तकी उत्तर बरोबर आहे, पण इंजिनाला स्वतःचीच काजळी खायला घालण्यात कोणते शहाणपण आहे, हे मला आजवर कळलेले नाही. मी प्लेट घालून तीन वर्षे झाली. पिकअप सुधारले, धूर दिसत नाही आणि पीयूसी दरवेळी पहिल्या फटक्यात मिळते. धूर कमी झाला म्हणजे प्रदूषण कमी झाले, असे मी समजतो.

घाटवाला: नेमकी इथेच गफलत होते. डिझेल गाडीच्या पीयूसीमध्ये गाडी उभी ठेवून ॲक्सिलरेटर दाबतात आणि धुराचा दाटपणा मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडे त्या यंत्राला दिसतच नाहीत. प्लेटमुळे काजळी खरोखरच कमी होते, हे मी मान्य करतो, पण जे वाढते ते डोळ्यांना दिसत नाही आणि उन्हात त्यापासून ओझोन तयार होतो. बीएस-४ या जुन्या प्रदूषण मानकात डिझेल मोटारींसाठी या ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅम होती, नंतरच्या बीएस-६ मध्ये ती ०.०८ वर आली. ती गाठण्याच्या साधनांपैकी एक आपण पत्र्याने बुजवतो. राहिली पिकअपची गोष्ट. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर हा व्हॉल्व्ह तसाही बहुधा मिटलेलाच असतो. तुमची झडपही माझ्यासारखीच उघडी अडकली असावी. साफ केली असती तरी तेवढाच फरक पडला असता.

जुना डिझेलवाला: मग कंपन्यांना हा नियम का नाही? युरोपीय न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये ज्या गाड्यांबद्दल निकाल दिला, त्यांचे सॉफ्टवेअर बाहेरचे तापमान १५ ते ३३ अंशांच्या पलीकडे गेले की ईजीआर आपणहून कमी करत होते. इंजिन वाचवायचे, हेच कारण कंपनीही सांगत होती. कारखान्याने केले तर अभियांत्रिकी आणि मी केले तर गुन्हा?

कोल्हापूरकर: भाऊ, निकाल अर्धाच सांगितलात. न्यायालयाने ती युक्ती बेकायदा हस्तक्षेप ठरवली. व्हॉल्व्ह गलिच्छ होतो ही सबब पुरेशी मानली नाही. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार मालकाने परवानगीबाहेरचा फेरबदल केला, तर प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

मात्र जुन्या डिझेलवाल्यांची तक्रार अगदीच निराधार नाही. एकटी काजळी कोरडी असते. क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या भागातून) येणारी तेलाची वाफ तिच्यात मिसळली की इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, तो चिकट लगदा होतो, आणि ज्यांची गाडी रोज चार किलोमीटर बाजारापर्यंतच जाते त्यांना हा त्रास लवकर होतो. माझ्या गाडीचा व्हॉल्व्ह मी दर दुसऱ्या सर्व्हिसला काढून क्लीनरने धुतो. चार बोल्ट आणि एक गॅस्केट, एवढेच काम आहे. गॅस्केट तेवढे नवे घालावे.

जुना डिझेलवाला: तुमच्या गाडीत चार बोल्ट असतील. माझ्या गाडीत तो व्हॉल्व्ह इंजिनाच्या मागच्या बाजूला, तो वायू थंड करणाऱ्या कूलरसकट बसवला आहे आणि नुसता खोलायलाच अर्धा दिवस जातो. पीयूसीत ही ऑक्साइडे मोजायला लागले, तर मी प्लेट काढीन, तोवर नाही.

घाटवाला: निदान ईसीयूची मूळ फाइल मेस्त्रींकडून मागून जपून ठेवा. ती नसेल, तर प्लेट काढूनही व्हॉल्व्ह चालू होणार नाही.